ऑक्सिजन भिंतीतच आहे, आयुक्तसाहेब

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका



आपण एक परिपत्रक काढावं, एवढ्याच विनंतीसाठी हे पत्र लिहितो आहे. त्यासाठी नवी इमारत लागणार नाही, नवं यंत्र लागणार नाही, नवी भरतीही करावी लागणार नाही. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत कॅज्युअल्टीतल्या खाटेच्या उशाशी ऑक्सिजन भिंतीतून येतो. क्लस्टर हेडेक या डोकेदुखीच्या आजाराचा रुग्ण झटका चालू असताना आला, तर त्याला तो ऑक्सिजन मोठ्या प्रवाहाने, योग्य मास्कमधून पंधरा-वीस मिनिटं द्यावा. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा चांगला आहे म्हणून नाकारू नये. परिपत्रकात लिहायचं ते एवढंच. हे का लिहायला हवं, ते पुढे सांगतो.

मी मुलुंडला राहतो. माझ्या पत्नीला क्रॉनिक क्लस्टर हेडेक आहे. डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर हा आजार फारसा कुणाला माहीत नसतो, आणि कधी कधी वर्तुळाच्या आतही नसतो. दुखणं डोक्याच्या एकाच बाजूला, डोळ्यात, डोळ्यामागे आणि कानशिलात उठतं. त्या बाजूचा डोळा लालभडक होऊन वाहू लागतो, पापणी खाली येते, नाकपुडी चोंदते, कपाळाला घाम फुटतो. औषध न मिळाल्यास एक झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत चालतो. असे झटके एका दिवसात आठपर्यंत येऊ शकतात. हजारात साधारण एकाला हा आजार होतो, म्हणजे मुंबईसारख्या शहरात अशी माणसं काही हजार असणार. बहुतेकांना काही आठवडे त्रास होतो आणि मग कित्येक महिने, कधी वर्षं, मोकळी जातात. दहा-पंधरा टक्के रुग्णांना मात्र ही मोकळीक मिळत नाही. वर्षभरात सलग तीन महिनेही झटक्यांविना गेले नाहीत, तर त्याला क्रॉनिक म्हणतात. आमच्या घरी हा प्रकार आहे.

लोक विचारतात, ‘म्हणजे अर्धशिशीच ना?’ तर नाही. अर्धशिशीचा माणूस खोलीत अंधार करून पडून राहतो, त्याला हलवत नाही. क्लस्टरच्या माणसाला बसवत नाही, पडवत नाही. तो येरझाऱ्या घालतो, मागेपुढे झुलतो, कपाळ भिंतीला दाबतो, प्रसंगी आपटतो. दुसरा ठरलेला प्रश्न असतो, ‘सलमान खानला झालं होतं तेच का?’ तेही नाही. त्याने २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलेला आजार ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. त्यात विजेच्या झटक्यासारखी कळ येते आणि ती काही सेकंदांत जाते. दोन्ही आजार भयंकर आहेत, पण वेगळे आहेत आणि दोन्हींची औषधंही वेगळी आहेत.

या आजाराची चाल घड्याळाबरहुकूम असते. रात्री झोप लागल्यावर तास-दीड तासाने, बहुधा ठरलेल्या वेळी, माणूस दुखण्यानेच जागा होतो. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी झटका सुरू असताना रुग्णांच्या मेंदूची चित्रं घेतली आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यात हायपोथॅलॅमसचा, म्हणजे झोप-जागेचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या भागाचा, सहभाग दिसला. दुखणं वेळेवर का येतं, याचा धागा तिथे सापडला. मला हे वाचून एका अर्थाने बरं वाटलं. तोवर आमच्या नात्यागोत्यात दुखण्याची कारणं वेगळी सांगितली जात होती: पित्त, उपास, रात्रीचं जागरण, नोकरीचं टेन्शन, लागलेली दृष्ट. माझ्या आईचं अजून म्हणणं आहे, ‘अरे, तिला रोज सकाळी मोरावळा दे.’ मोरावळा आम्ही खातो. आईचं मन राहतं.

आता कॅज्युअल्टीकडे येतो. पूर्व आणि पश्चिम उपनगरांतल्या सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांत आम्ही झटक्याच्या वेळी गेलो आहोत. मी कुणाचंही नाव घेत नाही, कारण तक्रार एका रुग्णालयाची नाही. सगळीकडे क्रम तोच असतो. आधी केसपेपर. खिडकीवरचा माणूस विचारतो, ‘काय होतंय?’ ‘डोकं दुखतंय,’ असं सांगितलं की रांगेतली जागा ठरते. समोर अपघातातला मुलगा असतो, छातीत कळ आलेले आजोबा असतात, फीट आलेलं बाळ असतं. डोकेदुखीने त्यांच्या पुढे जावं, असं मीही म्हणणार नाही. नंबर आल्यावर बीपी पाहतात, शुगर पाहतात, बोटाला ऑक्सिमीटर लावतात. आकडा येतो ९९. मी फाइल पुढे करतो, न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी दाखवतो, ऑक्सिजन द्यायची विनंती करतो. उत्तर येतं, ‘सर, सॅच्युरेशन ९९ आहे. यांना ऑक्सिजन कशाला? तुम्ही जरा बाहेर थांबा.’ मग डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, पित्ताचं इंजेक्शन, सलाईन. ही औषधं अंगात भिनेपर्यंत झटक्याची वेळ संपलेली असते आणि तो आपणहून ओसरतो. डोळे पुसून, केस सारखे करून ती उठून बसते. डॉक्टर म्हणतात, ‘बघा, बरं वाटलं ना!’ कागदावर लिहिलं जातं: डोकेदुखी, इंजेक्शनने आराम. पुढच्या खेपेला तोच कागद आमच्याविरुद्ध पुरावा होतो.

त्या तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. चोवीस तासांची ड्यूटी आणि समोर पन्नास माणसं, अशी त्यांची अवस्था असते. त्यांना शिकवलेला नियमही बरोबर आहे: रक्तात ऑक्सिजन कमी असेल तर द्या, उगाच देऊ नका. पण क्लस्टर हेडेकमध्ये ऑक्सिजन कमी पडलेला नसतोच. तिथे तो औषध म्हणून द्यायचा असतो. ताप मोजून जुलाबाचं औषध ठरवत नाहीत, तसं ऑक्सिमीटर बघून हे औषध ठरवता येत नाही. एवढी एक ओळ वरून, अधिकाराच्या जागेवरून आली, तर रात्री दोन वाजता एकट्या असलेल्या त्या डॉक्टरला निर्णय घेणं सोपं जाईल. त्याच्या पाठीशी कागद असेल.

हे मी गुगल करून आलेल्या नातेवाइकाच्या आवेशात सांगत नाही. मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियाचे डॉ. ली कुड्रो यांनी मास्कने दिलेल्या ऑक्सिजनचा परिणाम अभ्यासून प्रसिद्ध केला. ते स्वतःही या आजाराचे रुग्ण होते. त्यानंतर २००९ मध्ये ब्रिटनमधल्या कोहेन, बर्न्स आणि गोड्सबी या डॉक्टरांची चाचणी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. काही झटक्यांना मिनिटाला १२ लिटर या वेगाने शुद्ध ऑक्सिजन दिला, काहींना त्याच मास्कमधून साधी हवा. कुठल्या वेळी काय दिलं ते रुग्णाला माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. पंधरा मिनिटांनी ऑक्सिजनने ७८ टक्के वेळा रुग्णाचं दुखणं थांबलं होतं किंवा पुरेसा आराम मिळाला होता. हवेने ते २० टक्के वेळा झालं. पंधरा मिनिटांत, कुठलीही गोळी न घेता इतका फरक पाडणारी औषधं या आजारात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

दुसरं खात्रीचं औषध म्हणजे सुमाट्रिप्टानचं त्वचेखाली घ्यायचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन. पण दिवसात ते किती वेळा घ्यायचं याला मर्यादा आहे, आणि हृदयविकार असेल तर ते देता येत नाही. ज्याला दिवसात अनेक झटके येतात, त्याने उरलेल्या झटक्यांचं काय करायचं? ऑक्सिजनला अशी मर्यादा नाही. झटके मुळात कमी यावेत म्हणून द्यायची औषधं वेगळी आहेत: व्हेरापामिल, लिथियम, काही दिवसांपुरती स्टेरॉइड. ती माझी पत्नी न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली घेते. व्हेरापामिलचा डोस वाढवला की ईसीजी काढावा लागतो, कारण हृदयाचे ठोके मंदावू शकतात. ही सगळी औषधं घेऊनही क्रॉनिक प्रकारात झटके पूर्ण थांबतील, अशी हमी नसते. म्हणून झटका आल्यावर काय, हा प्रश्न आमच्यासाठी रोजचा आहे.

ऑक्सिजन कसा द्यायचा, हेही महत्त्वाचं आहे. नाकात दोन नळ्या घालून मिनिटाला दोन-तीन लिटर दिला, तर उपयोग शून्य. तोंड आणि नाक झाकणारा, खाली पिशवी असलेला नॉन-रिब्रीदर मास्क हवा. प्रवाह १२ ते १५ लिटर हवा, रुग्ण बसलेला हवा आणि झटका सुरू होताच दिला पाहिजे. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं मास्क आणि मोठ्या प्रवाहाबद्दल हेच सांगतात. अशा रुग्णाला घरी आणि प्रवासात वापरायला ऑक्सिजन द्यावा, असंही त्यांत आहे. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने मात्र २०११ मध्ये घरच्या ऑक्सिजनचा खर्च संशोधनापुरताच मर्यादित ठेवला होता. तो अडसर दूर व्हायला २०२१ उजाडलं. अज्ञानाची मक्तेदारी काही आपल्याकडेच नाही, हे मला ठाऊक आहे.

खर्चाचं बोलू. बारा लिटरने पंधरा मिनिटं म्हणजे १८० लिटर ऑक्सिजन. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने सिलिंडरमधल्या वैद्यकीय ऑक्सिजनची कमाल किंमत घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ठरवली होती. कर आणि वाहतूक वेगळी. त्या दराने एका झटक्याच्या वायूची किंमत पाच रुपयांच्या आत येते. आपल्या पाइपलाइनमधून घेतला, तर फार वेगळी पडू नये. मास्क काही शे रुपयांचा. आम्हाला त्याच भेटीत दिलेलं सलाईन आणि इंजेक्शनं यांच्या तुलनेत हे दोन्ही फार महाग नाहीत. शिवाय ज्या खाटेवर माझी पत्नी तास-दीड तास विव्हळत असते, ती वीस मिनिटांत मोकळी होईल. छातीत कळ आलेल्या आजोबांना ती मिळेल.

आणि ऑक्सिजनचं नियोजन मुंबईला कुणी शिकवावं? कोविडच्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, सहा रुग्णालयांतला साठा संपत आला, तेव्हा आपल्या पालिकेने एका रात्रीत १६८ रुग्ण सुरक्षित हलवले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या टंचाईबद्दल सुनावणी करताना मुंबईकडून शिका, असं केंद्राला सांगितलं. नंतर पालिकेच्या रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्लांटही उभे राहिले. तेव्हा या शहरातल्या शाळकरी मुलालाही सॅच्युरेशन म्हणजे काय ते कळत होतं. त्या दिवसांचा एक परिणाम मात्र आमच्यासारख्यांना जाचतो. ऑक्सिजन फक्त आकडा घसरल्यावर द्यायचा असतो, ही समजूत तेव्हापासून डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या मनात पक्की बसली आहे.

घरी आम्ही काय करतो, हेही आपल्याला कळावं. कारण कॅज्युअल्टीत येणारा रुग्ण घरची व्यवस्था अपुरी पडल्यावरच येतो. कोविडनंतर सोसायटीतल्या कित्येक घरांत ऑक्सिजन काँसंट्रेटर धूळ खात पडले होते. शेजाऱ्यांनी प्रेमाने आणून दिले. पण त्यांतले बहुतेक मिनिटाला पाच लिटरचे असतात, ते इथे कामाचे नाहीत. सिलिंडर लागतो. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. आठ झटके झाले की तो रिकामा. वाईट आठवड्यात तो दोन-तीन दिवसही पुरत नाही. मोठा जंबो महिनाभर नाही, पण बरा टिकतो. तो लिफ्टमधून आणायला माणूस लागतो आणि ठेवायला वन बीएचकेमध्ये कोपरा शोधावा लागतो. आमचा कोपरा देवघराशेजारी होता. ऑक्सिजनजवळ ज्योत नको, म्हणून समई स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेली आणि उदबत्ती बंद झाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आगीच्या भीतीने हरकत घेतली होती, ती रास्तच होती. अग्निशामक आणून लावला, सिलिंडर साखळीने भिंतीला बांधला, त्यांना बोलावून दाखवला. आता गेटवर सिलिंडरवाला आला की तेच वॉचमनला सांगतात, ‘सोड त्याला, वरच्या वहिनींचं आहे.’

पण सिलिंडर पुरवणारा रविवारी, सणाला, पावसात एलबीएस रोड तुंबला की येत नाही. तेव्हा कॅज्युअल्टी हाच आधार असतो.

जोडीदाराच्या कामाचंही थोडं लिहितो. परिपत्रकाखाली नातेवाइकांसाठी दोन ओळी घालायच्या झाल्या तर त्या उपयोगी पडतील. झटक्यात माझं काम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणं, मास्क नीट बसला आहे ना ते पाहणं, वेळ टिपणं आणि बर्फाची पिशवी हाताशी ठेवणं. गप्प राहणं हेही कामच आहे. ‘कसं वाटतंय?’ असं विचारायचं नाही, कारण उत्तर द्यायची तिची ताकद नसते. पाठीवरून हात फिरवायचा नाही. आपल्याला मायेने करावंसं वाटतं, पण त्या वेळी तिला स्पर्शही सहन होत नाही. दाराशी उभं राहायचं आणि ती कपाळ आपटू लागली तर मध्ये उशी धरायची. झटका संपला की पाणी द्यायचं. वहीत वेळ, बाजू, किती मिनिटं, काय दिलं हे लिहायचं. ही वही न्यूरॉलॉजिस्टला एमआरआयइतकीच उपयोगी पडते. माझ्या पत्नीच्या अनुभवात दुपारची डुलकी आणि ताज्या ऑइलपेंटचा वास यांनी झटका ओढवतो. दारू हे बऱ्याच रुग्णांमध्ये ठळक कारण असतं, आमच्याकडे तो प्रश्न नाही. म्हणून जिन्याला रंग लागायचा असला की सोसायटी आम्हाला आधी कळवते. ही साधी माणुसकी आहे आणि ती मागितल्यावर मिळते, असा माझा अनुभव आहे.

सगळंच इतकं सरळ नव्हतं. निदान व्हायच्या आधीच्या काळात रात्री दीड वाजता आमच्या घरातून बाईचा आवाज यायचा. शेजाऱ्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. एकदा समोरच्या काकूंनी दार वाजवलं. माझ्याकडे न बघता तिला विचारलं, ‘पोरी, तू माझ्याकडे येतेस का?’ मला त्यांचा राग आला नाही. बाईचा आवाज ऐकून दार वाजवणारी माणसं शेजारी हवीतच. पण नवरा म्हणून रुग्णालयात मी बायकोऐवजी बोलतो, ‘हिला ऑक्सिजन द्या’ असा हट्ट धरतो, तेव्हा तिथल्या सिस्टरच्या नजरेतही तीच शंका असते. तिने स्वतः सांगावं, तर तिला त्या क्षणी सांगता येत नाही. म्हणून कागद हवा.

तिचा कामावरचा प्रवास मुलुंड-घाटकोपर लोकल आणि पुढे मेट्रोने अंधेरी, असा असतो. झटका तिथेही गाठतो. बाकीचे रुग्ण झटक्यात चालत राहतात. लेडीज डब्यात सकाळच्या गर्दीत चालायला जागा कुठे असते? बायका जागा देतात, पाणी देतात, बाम पुढे करतात, कुणी कानात कुजबुजून विचारते, ‘दिवस गेलेत का?’ एकदा गर्दीतून वाट काढत ती दारापर्यंत गेली, तेव्हा तिला मागे ओढणाऱ्या अनोळखी बाईने तिला बरोबर घेऊन पुढच्या स्टेशनवर उतरवलं आणि स्वतःची ट्रेन सोडली. या आजाराच्या रुग्णांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येण्याचं प्रमाण जास्त असतं, हे डॉक्टर जाणतात. तो विचार बहुधा झटक्याबरोबर येतो आणि झटक्याबरोबर जातो. झटका पंधरा मिनिटांत आटोक्यात आणता येत असेल, तर तो तसा आणणं हीच खरी काळजी. शिवाय केसपेपरच्या मागे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तासांचा क्रमांक छापायला किती शाई लागते?

बाईचं दुखणं म्हणून आणखी एक गाठ आहे. हा पुरुषांचा आजार, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असे, आणि रुग्णांत पुरुष जास्त आहेत हे खरंही आहे. त्यामुळे बाईला अर्धशिशी किंवा मन कमकुवत असल्याचा शिक्का आधी बसतो, क्लस्टरचं निदान उशिरा होतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्रॉनिक प्रकार पुरुष रुग्णांत ९ टक्क्यांना होता, तर बायकांत १८ टक्क्यांना. म्हणजे ज्यांच्यावर विश्वास कमी ठेवला जातो, त्यांच्यातच कायमचं दुखणं जास्त. माझ्या पत्नीचंही निदान होण्याआधी सायनस धुऊन झाला आणि एक चांगली दाढ उपटून झाली. क्लस्टरच्या रुग्णांच्या कहाण्यांत दंतवैद्य आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ वारंवार भेटतात, कारण दुखणं तिथेच असल्यासारखं वाटतं.

योजनांचं म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. मेडिक्लेमचंही मुख्य गणित दाखल होण्यावरच चालतं. वीस मिनिटांत संपणारा उपचार दोन्हींच्या चौकटीत बसत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत मेंदूच्या जुनाट आजारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावं आहेत, क्लस्टर हेडेकचं नाही. हे प्रश्न मंत्रालयाचे आणि दिल्लीचे आहेत. ते त्यांना विचारू. आपल्या सहीने होण्यासारखं काय आहे, तेवढंच इथे मागतो.

एक: राजावाडी, अगरवाल, शताब्दी, भगवती, कूपर, व्ही. एन. देसाई, भाभा, आणि केईएम, सायन, नायर इथल्या कॅज्युअल्टीत लावायचं एका पानाचं परिपत्रक, मराठी आणि इंग्रजीत. क्लस्टर हेडेकचं निदान असलेला रुग्ण झटक्यात आला, तर केसपेपर होण्याची वाट न पाहता १०० टक्के ऑक्सिजन, नॉन-रिब्रीदर मास्क, १२ ते १५ लिटर, पंधरा ते वीस मिनिटं. ‘सॅच्युरेशन सामान्य असलं तरीही’ हे शब्द त्यात ठळक अक्षरांत हवेत.

दोन: निदान झालेल्या रुग्णाला पालिकेच्या कुठल्याही रुग्णालयात चालेल असं एक कार्ड. रुग्णाला बोलता येत नसताना ते बोलेल, आणि नातेवाइकाला हुज्जत घालावी लागणार नाही.

तीन: कॅज्युअल्टीच्या साठ्यात सुमाट्रिप्टानची काही इंजेक्शनं.

चार: पूर्व आणि पश्चिम उपनगरांत निदान एकेका रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस डोकेदुखीची ओपीडी. या शहरात डॉ. के. रविशंकर यांनी जसलोक आणि लीलावती इथे फक्त डोकेदुखीसाठी क्लिनिक चालवून दाखवली. म्हणजे गरज आहे हे सिद्ध झालेलं आहे. बोरिवली किंवा मुलुंडच्या माणसाला खासगी फी भरून तिथवर जावं लागू नये, इतकंच.

आक्षेप येतील, त्यांची उत्तरं आपले डॉक्टर माझ्याहून चांगली देतील. तरी दोन-तीन मांडतो. जुना दमा किंवा सीओपीडी असलेल्या काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन घातक ठरू शकतो, म्हणून परिपत्रकात तो अपवाद लिहावाच. आयुष्यात पहिल्यांदाच अचानक, असह्य डोकं दुखलं तर मेंदूतला रक्तस्राव आधी तपासला पाहिजे. म्हणून ही सवलत निदान झालेल्यांनाच असावी. आणि कुणी खोटं सांगून इंजेक्शनं मागतं, ही डॉक्टरांची शंका मला समजते. गुंगीच्या औषधांसाठी तसं करणारे असतातही. पण ऑक्सिजनचा नाद कुणाला लागत नाही. खोटं सांगून वीस मिनिटं मास्क लावून बसलेल्या माणसाने पालिकेचे पाच-सात रुपये बुडवले, एवढंच होईल.

परिपत्रकाचा कच्चा मसुदा मी आमच्या न्यूरॉलॉजिस्टच्या मदतीने तयार केला आहे आणि आपल्या कार्यालयात आवक-जावक विभागात दिला आहे. आपल्या चारही वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तज्ज्ञांनी तो खोडावा, सुधारावा, हवा तर नव्याने लिहावा. या पत्राला उत्तर नाही आलं तरी चालेल. परिपत्रक निघालं की आम्हाला ते पुढच्या झटक्याच्या रात्री, कॅज्युअल्टीच्या पहिल्याच प्रश्नावरून कळेल.



आपला,
मुलुंड पूर्वेचा एक करदाता